गुडघे दुखणारी नायिका असलेली फँटसी सुचवा

चौथी_सीट

नमस्कार मंडळी, बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा पण रागावू नका.

तर झालंय असं की गेल्या दिवाळीत मुलाने लॉर्ड ऑफ द रिंग्जचे तिन्ही भाग माझ्यापुढे आदळले, म्हणे आई तू त्या सासू-सुनेच्या मालिका बंद कर आणि हे वाच. पहिली शंभर पानं नुसते वाढदिवस, जेवणावळी आणि कोण कुणाचा मावसभाऊ, मला वाटलं हे तर आमच्या घरचंच कार्य चाललंय. पण मग जे वेड लागलं ते विचारू नका. डोंबिवलीहून सकाळच्या फास्टला बायकांच्या डब्यात चौथ्या सीटवर अर्धी टेकून, एका हातात पुस्तक आणि एका हातात वरची कडी. मोरियाच्या पुलावर तो म्हातारा जादूगार गँडाल्फ पडला त्या दिवशी माझं घाटकोपर निघून गेलं, कुर्ल्याला उतरून उलट आले, हाफ डे लागला.

आता ते संपलं आणि एकदम रिकामं रिकामं झालंय. म्हणून मुलाच्या कपाटातली आणखी चार काढून बघितली. चारही पुस्तकांत नायक सोळा वर्षांचा, अनाथ, शेतावर राबणारा, आणि त्याच्याबद्दल कुणीतरी हजार वर्षांपूर्वी भविष्य सांगून ठेवलेलं. अहो मी ४६ वर्षांची आहे. जिना चढताना माझा डावा गुडघा बोलतो. जगात जादू असेल तर ती फक्त दहावीच्या पोरांनाच का लाभावी? एखादी बाई दाखवा की जिची पोरं मोठी झालीयेत, जिला घरात कुणी फारसं विचारत नाही आणि जी तरीही ड्रॅगनच्या तोंडाशी जाऊन उभी राहते.

अटी विचाराल तर मालिका पूर्ण झालेली हवी, चौदा भाग नकोत, दर दुसऱ्या पानावर बायकांवर अत्याचार नकोत (ते वाचायला पेपर आहे), आणि इंग्रजी चालेल पण ओळीओळीला डिक्शनरी उघडायला लावणारं नको, ट्रेनमध्ये रेंज नसते.

बोरूबहाद्दर

धागा मस्त. एक बारीक दुरुस्ती, तुमचा मुद्दा खोडायला नाही तर बळकट करायला. आधीच्या 'हॉबिट'चा नायक बिल्बो घराबाहेर पडतो तेव्हा ५० वर्षांचा असतो. लॉर्ड ऑफ द रिंग्जचा नायक फ्रोडोसुद्धा शायर, म्हणजे आपला मुलुख, सोडतो तेव्हा ५० चा असतो! वाढदिवसाच्या जेवणावळीत तो ३३ चा होतो आणि त्यानंतर मधे तब्बल १७ वर्षं जातात, वाचताना पटकन लक्षात येत नाही. सिनेमाचं शूटिंग सुरू झालं तेव्हा फ्रोडो करणारा पोरगा १८ चा होता म्हणून सगळ्यांच्या डोक्यात ते कोवळं तोंड बसलंय. म्हणजे या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तकच मुळात पन्नाशीतल्या माणसाचं आहे, पुढच्यांनी त्यातून फक्त तलवारी उचलल्या आणि वय विसरले.

कोल्हापुरी_ओर्क

ताई, मिस्टबॉर्न घ्या, डोळं झाकून घ्या. ब्रँडन सँडरसन. मूळ तीन पुस्तकं, २००६ ते २००८, विषय संपला, वाट बघत बसायचं काम न्हाई. जादू म्हणजे नुसतं हात हलवून मंत्र न्हाई तर हिशोबाची. धातूची पूड बाटलीतनं गिळायची आणि पोटात जाळायची. कथील जाळलं की नजर आणि कान तिखट, पोलादानं समोरचा धातू ढकलायचा, लोखंडानं ओढायचा. आता उडायचं कसं? खिशातलं नाणं जमिनीवर टाकायचं आणि त्याला खाली ढकलायचं, नाणं जमिनीत अडकलं की आपण वर! रात्री धुक्यात ती पोरगी छपरांवरनं अशी नाणी टाकत उड्या मारत जाती, नाद खुळा.

चौथी_सीट

@कोल्हापुरी_ओर्क, वाचायला भारी वाटतंय पण ती "पोरगी" किती वर्षांची?

कोल्हापुरी_ओर्क

सोळा 🙈

चौथी_सीट

🙏

इनोचा_डबा

हा हा हा, फुटलो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रच्याकने (बाय द वे), पूर्ण झालेली मालिका हवी ही अट एकदम रास्त. गेम ऑफ थ्रोन्सच्या मालिकेचं पाचवं पुस्तक २०११ ला आलं. त्याच वर्षी रॉथफसच्या त्या 'नेम ऑफ द विंड'वाल्या मालिकेचं दुसरं आलं. त्याच वर्षी माझं लग्न झालं. सहावं अजून नाही, तिसरं अजून नाही, माझी मुलगी सातवीत गेली. पुस्तक हातात घेण्याआधी मालिका पुरी झालीय का हे बघणं म्हणजे घर घेताना ओसी (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) बघण्यासारखं आहे, बिल्डर कितीही गोड बोलला तरी बघायचंच.

निवांत_नलू

ताई मी ५८ ची, दोन्ही गुडघे. तुम्हाला टेरी प्रॅचेट हवाय आणि त्यातसुद्धा चेटकिणींची पुस्तकं.

त्याचं डिस्कवर्ल्ड म्हणजे सपाट जग, चार हत्तींच्या पाठीवर, आणि ते हत्ती एका अवाढव्य कासवावर. (आपल्याकडे दिग्गज आठ असतात, तिकडे चारच, कॉस्ट कटिंग.) एकूण ४१ कादंबऱ्या आहेत, हे ऐकून दचकू नका, एक मोठी रांग नाहीये ती, कुठूनही उचला. पहिली १९८३ ची, ती उलट मी तर म्हणीन सुरुवातीला वाचूच नका, तोवर त्याचा हात बसला नव्हता.

'विर्ड सिस्टर्स' घ्या, १९८८. तीन चेटकिणी आहेत. ग्रॅनी वेदरवॅक्स ही डोंगरातली कडक आजी, जिच्यात एवढी ताकद आहे की ती जादू वापरतच नाही, समोरच्याच्या डोक्याशी खेळते. गावातल्या कुणाला काय झालंय हे तिला बरोबर माहीत असतं आणि औषध म्हणून ती देते रंगीत पाणी, पण अशा काही नजरेने देते की पेशंट घाबरून बरा होतो. अशा दोन आज्या मी स्वतः आमच्या सातारच्या वाड्यात बघितल्यात. ती कधीकधी पाखराच्या नाहीतर कोल्ह्याच्या मनात शिरून हिंडून येते, तेवढा वेळ अंग मागे खाटेवर लाकडासारखं पडलेलं, म्हणून हातात एक पाटी धरून झोपते, मी मेलेली नाय अशा अर्थाची, तीही स्पेलिंग चुकवून! आणि दुसरी नॅनी ऑग, भरल्या घरची, पोरंबाळं नातवंडं ढिगाने, सुनांचा जीव मुठीत. ती वाचताना मला माझ्या सासूबाई दिसल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्यावर हसू आलं, देव त्यांना सद्गती देवो.

एकाकी_मीटर

प्रॅचेट अनुमोदन. पण एक सांगतो, त्याच्या कोट्या इंग्रजी भाषेच्या अंगच्या आहेत, अर्ध्या मला तिसऱ्यांदा वाचल्यावर कळल्या. डिक्शनरीचा प्रश्न नाही, तिकडचं नाटक-बिटक थोडं माहीत पाहिजे. विर्ड सिस्टर्स तर सरळ शेक्सपिअरच्या मॅकबेथला धरून आहे. ताईंनी आधी किंडल सॅम्पल वाचावं मग पैसे घालावेत.

अर्धी_भाकरी

तुम्हाला अगदी जे हवंय ते उर्सुला ले ग्विनने १९९० साली लिहून ठेवलंय. 'तेहानू'.

पण त्याला मागची गोष्ट आहे, ती सांगते. अर्थसी म्हणजे सगळी बेटंच बेटं असलेलं जग. पहिलं पुस्तक १९६८ चं, मुलगा गेड, तांबूस काळसर रंगाचा (हो, त्या काळात फँटसीचा नायक गोरा नाही), रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत जातो आणि शाळासोबत्यापुढे शायनिंग मारायला मेलेल्यांतून कुणाला तरी बोलवायला बघतो, तर त्या फटीतून एक सावली बाहेर येते आणि त्याच्या मागे लागते. तिथली सगळी जादू नावांवर चालते. प्रत्येक वस्तूचं, माणसाचं एक खरं नाव असतं, ते कळलं की तुमची सत्ता. म्हणून लोक आपलं खरं नाव लपवतात, एखाद्याने ते तुम्हाला सांगितलं म्हणजे त्याने जीवच तुमच्या हातात दिला. आमच्याकडे बारशाला कानात नाव सांगायचे आणि हाक मात्र दगडू, धोंडू अशी मारायचे, मला ते लगेच पटलं.

दुसऱ्या पुस्तकात टेनार नावाची मुलगी येते, लहानपणीच देवाला वाहिलेली, अंधाऱ्या थडग्यांची पुजारीण. तिसरं आलं १९७२ ला. मग बाई तब्बल अठरा वर्षं थांबल्या आणि चौथं लिहिलं, आणि त्यात टेनार कोण आहे? शेतकऱ्याची विधवा. मुलं मोठी होऊन लांब गेलीत, घरात शेळ्या आहेत, धुणीभांडी आहेत. आणि एक भाजलेली पोर, जिला तिच्याच माणसांनी आगीत टाकली होती, ती ही सांभाळायला घेते. पहिल्या पुस्तकातला एवढा मोठा जादूगार तोही परत येतो, पण सगळी ताकद खर्चून, नुसता थकलेला माणूस म्हणून. टेनारला राग येतो तो कशाचा तर जेवून झाल्यावर पुरुष ताट उचलत नाहीत याचा. ड्रॅगन आहे. पण मला लक्षात राहिलं ते ताटच.

अत्याचाराबद्दल इशारा, मुलीवर जे झालंय ते दाखवत नाहीत पण ते सतत जाणवतं. आणि सरळ चौथ्यावर उडी मारू नका, पहिली दोन तरी वाचा, बारीक पुस्तकं आहेत.

इनोचा_डबा

ताटाचं वाचून उठलो आणि माझं ताट उचललं. बायकोने विचारलं काय झालं.

नागपुरी_संत्रं

अरे बाप्पा, किती इंग्रजी पुस्तकं सांगून राह्यले तुम्ही लोक. आपल्या पुराणात काय कमी हाय का, ब्रह्मास्त्र हाय, मयासुर हाय, पुष्पक हाय. तिकडचे लोक आपलंच चोरून लिहितात अन् आपण वाचतो.

अर्धी_भाकरी

पुराणं कुणी नाकारली? ताईंनी कादंबरी विचारलीय.

संपादक

पुराणं म्हणजे फँटसी की इतिहास यावरचे १९ प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. इथे पुस्तकांवर बोला.

बोरूबहाद्दर

संत्रं यांच्या मुद्द्यातला एक तुकडा मात्र खरा आहे, आपल्याकडची अद्भुत कादंबरी आपणच विसरलो. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' १८८८ ची आहे हो! लॉर्ड ऑफ द रिंग्ज लिहिणारा टोल्किन जन्मायच्या आधीची. आपल्या पिढीला ती दूरदर्शनवरच्या क्रूरसिंगच्या यक्कू मुळे माहीत, पण मूळ हिंदी पुस्तक फार वेगळं आहे. त्यात खरी जादू जवळजवळ नाहीच. ऐयार म्हणजे राजाचा हेर, वेषांतरात पटाईत, कमरेला बटवा, बटव्यात शत्रूला बेशुद्ध करायची बुकणी आणि आपल्या माणसाला शुद्धीवर आणायला हुंगवायचा लखलखा. प्रत्येक प्रकरणात कुणीतरी बेशुद्ध पडतो, गाठोड्यात बांधला जातो आणि पाठीवर टाकून पळवला जातो. तिलिस्म म्हणजे कळ दाबली की उघडणारे दरवाजे, हलणारे पुतळे. हिंदी इतकी सोपी की आपल्याला काही अडत नाही, आणि कॉपीराइट कधीच संपलाय त्यामुळे नेटवर फुकट आहे. पण नायिका तरुण आणि सुंदरच, गुडघे ठणठणीत.

मराठीत नाथमाधवांचं 'वीरधवल' आजोबांच्या कपाटात होतं, ते मी आजारपणात वाचलेलं. त्यानंतर मोठ्यांसाठी म्हणून अद्भुताची सलग परंपरा आपल्याकडे मला तरी दिसत नाही. गूढ आणि भय याकडे गाडी वळली, धारप आणि मतकरींकडे. उरलेलं अद्भुत सगळं बालवाङ्मयात ढकललं, चांदोबात.

एकाकी_मीटर

अनुवादांचं काय? मुलीसाठी 'हॅरी पॉटर आणि परीस' आणलं होतं. त्या एका शब्दासाठी अनुवादकाला दंडवत, फिलॉसॉफर्स स्टोनला परीस, लोखंडाचं सोनं, बसलं एकदम चपखल. लॉर्ड ऑफ द रिंग्जसुद्धा मुग्धा कर्णिकांनी मराठीत आणलंय, 'स्वामी मुद्रिकांचा' नावाने. ताई, मुलाला ते द्या, मराठी तरी सुधारेल.

चौथी_सीट

मुद्रिका! म्हणजे आपली हनुमानाने सीतेला नेऊन दिलेली. छानच की. मुलाला दाखवलं, तो म्हणाला आई प्लीज.

मांडवीकाठ

मालिका हवीच कशाला? सुझाना क्लार्कचं 'पिरानेसी' वाचा, २०२०, एकटं पुस्तक, तीनशेच्या आत पानं. एक माणूस एका घरात राहतो, घर म्हणजे न संपणारी दालनं, प्रत्येक दालनात संगमरवरी पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र, वरच्या मजल्यावर ढग. भरती-ओहोटीचं वेळापत्रक त्याने वहीत लिहून ठेवलंय. यापुढे एक अक्षर सांगणार नाही, पाठीमागचा मजकूर पण वाचू नका. मी जुलैमध्ये वाचलं, बाहेर धो धो आणि पुस्तकात पण पाणी चढतंय, लाइट गेले तेव्हा खरंच उठून दाराखाली बघून आलो.

कोल्हापुरी_ओर्क

परत आलो. ताई, गुडघं दुखणारा गडी चालंल काय? ज्यो ॲबरक्रॉम्बीचं 'द ब्लेड इटसेल्फ'. ग्लोक्टा म्हणून हाय, एकेकाळचा तलवारबाजीतला हिरो, शत्रूनं पकडून दोन वर्षं हाल केलं, आता समोरचं दात न्हाईत, पाय ओढत चालतो, आणि नोकरी कुठं तर दुसऱ्यांचं हाल करायच्या खात्यात. सगळ्यात जास्त राग कुणावर? जिन्यावर. ज्यानं पायरी शोधली त्याच्यावर. एक एक पायरी उतरताना मनात जे बोलतो ते वाचून लाज वाटती की आपुन हसतोय. तीन पुस्तकं, पुरी झाल्यात. पण रक्त लई हाय, ट्रेनमध्ये डबा खाता खाता वाचू नका.

एडिसनची_वहिनी

उशिरा आले, इकडे रात्र होती. धागा वाचताना मी पडद्याला ओरडून सांगत होते की अहो इस्ता, इस्ता, कुणी इस्ताचं नाव का घेत नाही!

लुइस मॅकमास्टर बुजोल्ड. 'पॅलाडिन ऑफ सोल्स', २००३, पुढच्या वर्षी ह्यूगो (विज्ञानकथा-फँटसीचं मोठं पारितोषिक) मिळालं. नायिका इस्ता, चाळिशीची, राजाची विधवा, मुलगी आता राणी झालीय आणि हिला लोक वेडी समजतात. म्हणजे प्रेमाने समजतात हो, तेच तर वाईट. दारात पहारा, दासी मागे मागे, बाईसाहेब दमल्या असतील, बाईसाहेबांना त्रास नको. गोष्ट सुरू होते तेव्हा तिच्या आईचे अंत्यविधी आटोपलेत, पाहुणे परत चाललेत आणि ही बुरुजावर उभी राहून नुसता रस्ता बघतेय. आता त्या घरात तिचं काही कामच उरलेलं नाही. मग ती बाहेर कशी पडणार? राणीला एकटीला कोण जाऊ देईल? तर ती म्हणते मी तीर्थयात्रेला जाते. झालं, त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही!

माझी मावशी सलग अकरा वर्षं आळंदीहून वारीला गेली. काका म्हणायचे काय भक्ती आहे. मावशी आम्हाला मुलींना म्हणायची, अगं तिथे अठरा दिवस कुणी विचारत नाही भाजी काय करू.

तिथले देव पाच आहेत, पिता, माता, पुत्र, कन्या आणि पाचवा अनौरस, जो अवेळी आलेल्या आणि कुठेच न बसणाऱ्या गोष्टींचा देव. देव स्वतः काही करू शकत नाहीत, त्यांना माणसाने आत यायला जागा दिली तरच. आणि इस्ताचं देवांशी जुनं भांडण आहे, ती शिव्या घालते त्यांना. आपल्या जनाबाईने विठ्ठलाला घातल्यात तशाच, ओळखीच्या माणसाला घालतात तशा.

फक्त आधी 'द कर्स ऑफ शॅलियन' वाचा, २००१ चं, नाहीतर इस्ता वेडी का ठरली ते कळायचं नाही. त्यातला काझारिल ३५ चा आहे पण गलबतावर गुलामगिरीत वल्ही मारून म्हातारा झालेला, पाठ फटक्यांनी फाटलेली. सुरुवातीला चिखलाच्या रस्त्याने फाटक्या कपड्यात चाललेला असतो, एक घोडेस्वार भिकारी समजून नाणं फेकतो, हा चिखलात चाचपून ते उचलतो तर तांब्याचं नाही, सोन्याचं, स्वाराच्या चुकीने आलेलं. तिथून मी जी सापडले ती दोन दिवस स्वयंपाक नाही. मी इथल्या लायब्ररीतून ॲपवर घेतलं, भारतात कसं मिळेल ते तुम्ही बघा.

निवांत_नलू

मावशींचं वाक्य 👌 मी पण जाणार यंदा.

चौथी_सीट (तीन आठवड्यांनी)

अपडेट. शॅलियन मागवलं ऑनलाइन, स्वस्तात मिळतंय म्हणून. आलं ते पायरेटेड. कागद रद्दीचा, कव्हरवरची अक्षरं धुरकट, इथवर सहन केलं. पण ९७ ते १२८ पानं दोनदा छापलीत आणि १२९ ते १६० गायब! आणि हे मला कळलं कुठे तर मुंब्र्याच्या आधी, जिथे नेमकं काहीतरी होणार होतं. मला वाटलं लेखिकेची स्टाइल असेल, हल्ली काहीही करतात, म्हणून चार पानं परत वाचली. शेजारची म्हणाली अहो हे तुम्ही काल वाचत होतात. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत, म्हणे फोटो स्पष्ट नाही. शेवटी मुलाने त्याच्या जुन्या किंडलवर विकत घेऊन दिलं. फायदा असा की त्यात अक्षर मोठं होतं आणि चष्मा विसरला तरी चालतं.

इनोचा_डबा

शंभर रुपयांत सातशेचं पुस्तक मिळालं की बत्तीस पानं जायचीच. हलके घ्या.

चौथी_सीट (आणखी महिन्याने)

शॅलियन झालं. पॅलाडिन निम्म्यावर आहे. वहिनी, तुम्ही कुठे आहात, तुम्हाला फराळ पाठवायचाय.

ते इस्ता गेटातून सरळ चालत बाहेर पडते ना, काही न घेता, कुणाला न सांगता, आणि दारवान गोंधळतो की हिला अडवायचं की नाही, तिथे मी पुस्तक मिटून दोन स्टेशनं नुसती बाहेर बघत बसले. आईला जाऊन दोन वर्षं झाली. तेराव्यानंतर सगळे गेले आणि मी गॅलरीत उभी होते तेव्हा माझ्याही डोक्यात हेच आलेलं, की आता इथून निघालं तर? मग आठवलं सिलिंडर यायचाय.

तेहानूच्या आधीची दोन पण वाचली, ताटापर्यंत अजून पोचायचेय. चेटकिणींमध्ये मला अर्ध्या कोट्या कळल्या नाहीत हे खरं आहे पण पाटीवर मी खूप हसले, आता रविवारी दुपारी झोपताना घरच्यांना तेच सांगते. मिस्टबॉर्न मुलगा वाचतोय, खिशात नाणी खुळखुळवत फिरतो.

एक अवांतर. चौथ्या सीटवर माझ्या शेजारी बसते ती अंबरनाथची, तिने दोन महिने खांद्यावरून वाचून वाचून आता सरळ विचारलंय की मला पण काहीतरी द्या पण ड्रॅगन नको, भुताचं हवं. धारप तिचे सगळे वाचून झालेत. काय देऊ?

संपादक

नवीन धागा काढा.